शेवटच्या घराची पाटी

३ ऑक्टोबर

अगं ऐक,

मागच्या पत्रालाही तुझं उत्तर नाही. लेकीला फोन केला की ती म्हणते, "आई बरी आहे, तिचा गुडघाही बरा आहे," आणि विषय बदलते. तू शेजारीच बसलेली असतेस हे मला कळतं, कारण मध्येच ती फोनवर हात ठेवते. असो. बोलू नकोस, पण पत्र न वाचता फाडू नकोस, एवढंच म्हणणं आहे.

मी एकटा कसा राहतो ते तुला सांगण्यात अर्थ नाही. तू म्हणशील, माझी सगळी वर्षं तशीच गेली. सकाळी चहा करतो, निम्मा सांडतो, उरलेला गार झाल्यावर प्यायला आठवतो. काम तर राहिलंच नाही. दुकानांच्या पाट्या आता मशीनवर छापून येतात, त्याही अशा की दुरून वाचता येत नाहीत आणि जवळून वाचवत नाहीत. माझ्याकडे येतो तो एखादा जुना माणूस, आणि तोही पाटीसाठी नाही, माझी तब्येत बघायला. तो गेला की मी ब्रश धुतो. वापरलेले नसले तरी धुतो.

बातमी म्हणशील तर एकच. गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर, ते कित्येक वर्षं बंद होतं ना, तिथे भाडेकरू आले. एक बाई, पस्तिशीच्या आतली, तिची म्हातारी आई आणि एक लहान मुलगी. पुरुषमाणूस दिसला नाही. टेम्पोत सामान म्हणजे एक पलंग, दोन ट्रंका आणि काही बोचकी. मी आणि आपल्या गल्लीतला कंपाउंडर मदतीला धावलो, तर बाई म्हणते, "राहू द्या, आम्ही घेतो." एका हाताने उचलत होती ती, दुसरा हात वर जातच नव्हता. कंपाउंडरने नाक मुरडलं आणि घरी गेला. मी पलंगाचं टोक धरलं ते सोडलं नाही. आत ठेवून आलो तेव्हा तिने आभार मानले आणि माझी पाठ वळायच्या आत कडी लावली.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "अहो, त्यांना दम तरी घेऊ द्या." पण तू नाहीस, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटीची फळी कापायला घेतली. बाटलीहिरव्या रंगावर सायीच्या रंगाची अक्षरं, सगळ्या दारांना असते तशीच. तू चिडवायचीस, गल्ली आहे की शाळेचा गणवेश. चिडव. पण नवीन आलेल्या माणसाला दारावर आपलं नाव दिसलं की तो इथला होतो, हे मी अजूनही मानतो.

तू मानलंस तर तुझाच,
मी

११ ऑक्टोबर

अगं ऐक,

पाटी परत आली.

सगळं सांगतो. आडनाव मला मुलीकडून कळलं. ती कुंपणाला नाक लावून उभी होती. मी विचारलं, तिने सांगितलं आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं खेळ चाललाय. मीही ठेवलं.

काम मात्र मन लावून केलं गं. फळीला दोन हात अस्तर, घासकागद, मग हिरवा. खडूची दोरी ताणून रेघा पाडल्या. हल्ली हात थरथरतो, म्हणून टेकवायची काठी घेतली, पण अक्षर बसलं ते असं बसलं की मीच बघत राहिलो. उजवीकडून बारीक सावलीही दिली. इतकं चांगलं अक्षर माझ्या हातून किती दिवसांत उतरलं नव्हतं. ती मंडळी उठायच्या आत स्टुलावर चढून फाटकाला लावून आलो. म्हटलं, दार उघडतील आणि बघतील.

दुसऱ्याच दिवशी बाई आली. पाटी चादरीत गुंडाळलेली, काखेत धरलेली.

"काका, राग मानू नका. आम्हाला पाटी नकोय."

"अक्षर नाही का आवडलं?"

"अक्षर फार सुंदर आहे."

"मग रंग? रंग बदलून देतो."

"रंगाचं काही नाही. पाटीच नको. आणि ही पुसून टाका, एवढं करा माझ्यासाठी."

कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आजवर माझी एकही पाटी कोणी परत केलेली नाही. गल्लीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. बायका म्हणाल्या, घमेंड आहे, भाड्याचं घर आणि मिजास बघा. मी मूग गिळून बसलो. खरं सांगू, त्यांचं बोलणं मला गोड वाटलं.

तू जाताना म्हणालीस, "गल्लीचे बाप आणि घरचे पाहुणे." ते त्या दिवशी फार आठवलं. आता गल्लीलाही बाप नको झालाय.

मी

२६ ऑक्टोबर

अगं ऐक,

आज थोडं बरं वाटतंय, म्हणून लगेच लिहितो. टिकेल की नाही माहीत नाही.

ती मुलगी माझ्या कामाच्या खोलीत यायला लागली आहे. आधी दारात उभी राहायची, मग उंबऱ्यावर, आता थेट स्टुलावर. कंपाउंडरच्या दवाखान्याची पाटी पुन्हा रंगवतोय (फुकट, तू डोळे वटारू नकोस), तर तिने विचारलं, "मी काय करू?" मी म्हटलं, "अक्षरावरचे ठिपके तुझे." जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ती ठिपका देते, आणि देऊन झाला की माझ्याकडे बघते. तिचं नाव मी ठिपकाच ठेवलंय. आपल्या लेकीला मी कधी ब्रशला हात लावू दिला नाही, हे तुला आठवत असेलच. मलाही आठवलं.

पहिल्या दिवशी तिची आई शोधत धावत आली. चेहरा असा पांढरा पडलेला की मी घाबरलो. पोरगी दिसल्यावर तिने दाराच्या चौकटीला धरलं आणि बराच वेळ नुसती श्वास घेत उभी राहिली. मी म्हटलं, "अहो, इथेच आहे, कुठे जाणार." ती म्हणाली, "काका, ती इथे असली तर मला चालेल. फक्त इथेच."

मग त्यांच्या मोरीतला नळ गळायला लागला, तो मी बसवून दिला. आजींशी ओळख झाली. आजी म्हणजे बाईची आई. माझ्याहून फार मोठी नसेल, पण ठिपका म्हणते म्हणून मीही आजीच म्हणतो. पायांनी अधू आहे, भिंत धरून चालते, जिभेने मात्र धडधाकट. मला म्हणाली, "पलंगाचं टोक तुम्हीच धरलंत ना? मी हिला तेव्हाच म्हटलं, हा माणूस चिकट आहे, पण वाईट नाही." मी खूप दिवसांनी हसलो.

ठिपकाचे बाबा कुठे असतात, विचारलं. बाई म्हणाली, "लांब असतात." मला वाटलं कामानिमित्त. तिने विषय बदलला, आपली लेक बदलते तसाच. निघताना म्हणाली, "काका, आलात तर नुसतं दार वाजवू नका. हाक मारत जा. तुमचा आवाज आला की उघडीन." गल्लीत इतर कुणालाच ती दार उघडत नाही. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी आल्यावर कुलूप काढलं आणि आतला अंधार बघून आले जमिनीवर.

तुलाही हे सांगावंसं वाटलं. दुसरं कोण आहे.

मी

९ नोव्हेंबर

अगं ऐक,

ती गेली. बाई आणि ठिपका, दोघी गेल्या. तिचा नवरा गाडी घेऊन आला आणि घेऊन गेला. दुपारची वेळ होती, गल्ली सामसूम. मी कामात होतो, आरडाओरडा ऐकून बाहेर आलो. खरं तर आरडाओरडा फारसा झालाच नाही. त्याने मुलीला उचलून गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं, मग बाई आपणहून बाहेर आली. पायात काही नव्हतं. हातात पोरीच्या चपला होत्या. ती गाडीत बसली, गाडी गेली. म्हातारी आत राहिली, तिला कोणी विचारलंही नाही.

आता सगळं कळलंय, आजींनी सांगितलं. बाईचा हात वर जात नव्हता, तो खांदा त्यानेच मोडलेला. पोरीवर हात उचलायला लागला तेव्हा ती निघाली. दोन घरं बदलून इथे आली होती. कोणाला नाव सांगायचं नाही, दारावर नाव लावायचं नाही, एवढं एकच धोरण होतं तिचं. आणि मी पाटी लावली. सायीच्या रंगात, सावली देऊन.

त्या पाटीमुळेच त्याला पत्ता लागला असणार. एक दिवस का होईना, फाटकावर होती. कोणी बघितली असेल, कोणी बोललं असेल. गल्लीतली माणसं मला समजावतात. कंपाउंडर माझ्याजवळ बसून म्हणाला, "पेंटर, तुम्ही चांगल्या मनानेच केलंत. तुम्हाला काय ठाऊक?" ज्या बायका घमेंड म्हणाल्या होत्या त्या आता डोळ्यांना पदर लावतात. मी आणि कंपाउंडर पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, "बायको नवऱ्याबरोबर गेली. यात तक्रार कसली लिहू?" त्याचा जुना पत्ता आजींनी दिला, तिथे कंपाउंडरचा भाचा जाऊन आला. घराला कुलूप. शेजाऱ्यांना काही माहीत नाही.

आजी जात नाही म्हणते. पोरगी सुटून आली तर इथेच येईल, म्हणते. मी रोज दूध आणि जेवण नेऊन देतो. कामाच्या खोलीत माझ्याने बसवत नाही.

मी

२१ नोव्हेंबर

अगं,

तुझं कार्ड आलं. आधी पाकीट असेल म्हणून शोधलं, मग कळलं की एवढंच आहे. 'पाटी दुसऱ्याच दिवशी परत आली होती, तुम्हीच लिहिलंत. मग त्याला घर कोणी दाखवलं?' खाली सही नाही. तुझं अक्षर बघून मला आनंद झाला, आणि तो आनंद वाचून संपायच्या आत गेला.

कंपाउंडरने विचारलं नाही, चौकीतल्या माणसाने विचारलं नाही, गल्लीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. तू तिकडे बसून एका ओळीत विचारलंस. तुझ्यासमोर मला कधी खोटं पेलता आलं नाही, म्हणून तर मी तुझ्यासमोर बसायचंच टाळत आलो.

मी दाखवलं.

पाटी मी पुसली नव्हती. हात झाला नाही. कामाच्या खोलीत, दाराआडच्या भिंतीवर लावून ठेवली होती. बाईने नंतर एकदा विचारलं, "काका, पुसलीत ना?" मी हो म्हटलं. ठिपकाने ती बघितली होती. "ही आमची?" म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तिनेही ठेवलं.

त्या दुपारी तो गल्लीत फिरत होता, इथवर कसा पोचला देव जाणे. फाटकाफाटकावरची पाटी वाचत चाललेला. त्याला हवं ते नाव कुठेच नव्हतं, तो निघालाच होता. मी दारात उभा होतो. तो थांबला आणि म्हणाला, "सगळ्या पाट्या एकाच हातच्या दिसतात. कोणाच्या?" मी म्हटलं, माझ्या. म्हणाला, "असं अक्षर आता बघायला मिळत नाही." एवढंच म्हणाला तो. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. तुला खरं सांगतो, ती बाई सोडली तर इतके दिवस कोणी माझ्या अक्षराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीच म्हटलं, "या ना, आत बघा."

आत आला आणि दार लोटलं तर समोर ती पाटी. तो बराच वेळ बघत राहिला. सावलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे माझंच आडनाव आहे. माझी माणसं इथे राहतात का हो?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आता वाटतं, ते पाणीही खरंच असेल.

आणि मला काय वाटलं सांगू? मला तू आठवलीस. मला वाटलं, लांब असतो म्हणाली तो हाच, रुसवाफुगवा असेल काही. चला, कोणाचं तरी माणूस कोणाला तरी न्यायला आलंय. माझ्या अंगात तर तेवढीही हिंमत नाही, तू परत बोलवायला येऊ नका म्हणालीस आणि मी आलो नाही. म्हटलं, निदान ह्याचं घर तरी जुळू दे. मी पुढे, तो मागे. त्याला म्हटलं, "ती कोणाला दार उघडत नाही, थांबा, मी हाक मारतो." किती अभिमानाने म्हटलं मी ते. तो भिंतीला लागून उभा राहिला, तेही मला खटकलं नाही. वाटलं, चकित करायचं असेल.

मी हाक मारली. "अगं पोरी, उघड, बघ कोण आलंय."

तिने उघडलं.

तिने आधी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नंतर. तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी हसू होतं, ते पुसायलाही तिला वेळ मिळाला नाही. मी त्याच्या हाताला धरलं असतं, गाडीसमोर उभा राहिलो असतो, निदान ओरडलो असतो, तर कोणी तरी बाहेर आलं असतं. मी काहीही केलं नाही. ती गाडीत बसताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही तिने. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पाटी मी त्याच संध्याकाळी घासकागदाने घासून पुसली. आता पुसून काय उपयोग, तूच म्हणशील.

आजीला हे माहीत नाही. ती आतल्या खोलीत पलंगावर होती. सगळी गल्ली पाटीला दोष देते, तीही तेच समजत असणार. मी दूध घेऊन गेलो की ती म्हणते, "या भाऊ," आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला सांगायला हवं, हे तुझं कार्ड वाचल्यावर मला कळलं. तू तसं लिहिलेलं नाहीस. पण मी तुला ओळखतो, निदान एवढं तरी.

मी

२४ नोव्हेंबर

अगं,

सांगून आलो.

दोन दिवस पाय निघाला नाही. दूध फाटकाशी ठेवून पळून येत होतो, चोरासारखा. आज गेलो. आजी पलंगावर बसून ठिपकाच्या एका फ्रॉकचं बटण लावत होती. म्हणाली, "दोन दिवस आत आला नाहीत. रागावलात का?" मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. त्याने अक्षराचं कौतुक केलं तिथपासून, हाक मारली तिथपर्यंत. काही गाळलं नाही. पुसली म्हणून खोटं बोललो, तेही सांगितलं. म्हटलं, आता हाकलून द्या, थोबाडीत मारा, गल्लीला ओरडून सांगा, काय वाटेल ते करा.

तिने दोरा तोडला. सुई बाहीत खोचून ठेवली. मग म्हणाली, "भाऊ, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमची हाक ऐकली मी. हे आतलं दार उघडंच असतं, सगळं ऐकू येतं. ती भांडी घासत होती. तुम्ही म्हणालात, बघ कोण आलंय, तशी ती थबकली. मला म्हणाली, आई, काकांबरोबर कोणीतरी आहे, मी नाही उघडत. ती दारापाशी जाईना."

मी समोरच्या ट्रंकेवर बसलो.

"मीच म्हटलं तिला. काय गं, सगळ्यांवर संशय घेतेस, एक माणूस चांगला भेटलाय, त्याला तरी दारात ताटकळत ठेवू नकोस. आपले काका आहेत, जा, उघड. तिने हात पुसले आणि गेली."

तिचा आवाज जराही हलला नाही. इतके दिवस ती एकटी बसून हेच घोकत असणार. मी विचारलं, मग तुम्ही मला घरात का घेता? रोज माझ्या हातचं कसं खाता?

"तुम्हाला घेऊ नको, तर मग माझं मी काय करू?" ती म्हणाली. "मी तर याच घरात राहते."

आम्ही बसलो होतो. मी तिच्या समोरच्या ट्रंकेवर, ती पलंगावर. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली तशी दोघांनीही दाराकडे बघितलं. पावलं पुढे गेली.

मी उठलो तेव्हा तिने फ्रॉक घडी करून उशाशी ठेवला आणि विचारलं, "उद्या दूध आणाल ना?"

मी हो म्हटलं.

मी